सोनेरी दालनातली शांतता

गेल्या वेळी आपण रसविघ्नांपाशी थांबलो होतो. नाट्यशास्त्रावरच्या आपल्या टीकेत, म्हणजे अभिनवभारतीत, अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांतलं तिसरं आपण आजच्यासाठी राखून ठेवलं होतं. निजसुखादिविवशीभाव. शब्द लांबलचक आहे, अनुभव मात्र रोजचा. माणूस नाटकाला येऊन बसतो खरा, पण येताना घरचं भांडण, अडकलेलं पेन्शन, दुखरा गुडघा असं सगळं बरोबर घेऊन येतो. स्वतःच्याच सुखदुःखानं तो इतका व्यापलेला असतो की त्याचं चित्त दुसऱ्या कशावर विसावतच नाही. यावर उपाय काय? आपल्याला वाटतं, हा काश्मीरचा शैव तत्त्वज्ञ आता चित्तशुद्धी, अभ्यास, वैराग्य असं काहीतरी सांगणार. तसं होत नाही. ते वाद्यं सांगतात, गाणं सांगतात, नाना रंगांनी सजवलेला मंडप सांगतात, विदग्ध गणिकाही सांगतात. या सगळ्यांनी प्रेक्षकाचं मन आधी रंगवून घ्यायचं, म्हणजे जो मुळात सहृदय नाही तोही तेवढ्यापुरता सहृदय होतो.

आज आपल्याला यातला 'मंडप' हा शब्द हवा आहे. वास्तू माणसाला सहृदय करू शकते, असा हा दावा आहे. सौंदर्यशास्त्राच्या वर्गात आम्ही तो अनेक वर्षं शिकवला, आणि विद्यार्थी दर वर्षी तो उतरवून घेत, परीक्षेत लिहीत. दावा खरा आहे का, हे तपासायचं तर एखादी खरीखुरी वास्तू घ्यायला हवी, जी याच कामासाठी बांधली आणि जिथे हे काम दीडशे वर्षं चाललं आहे. आम्ही ऑर्केस्ट्राच्या मैफलीची जागा घेतो आहोत, व्हिएन्नाचं मुझिकफेराइन. तिथलं जे मोठं दालन आहे त्याला सोनेरी दालन म्हणतात. पहिल्या जानेवारीला टीव्हीवर फुलांनी भरलेलं जे सभागृह दिसतं आणि ज्यात श्ट्राउसचे वॉल्ट्झ वाजतात, तेच हे.

आधी वास्तूची थोडी माहिती. १८१२ साली व्हिएन्नात संगीतप्रेमींची एक संस्था निघाली. राजदरबारानं काढलेली नव्हे, नागरिकांनी काढलेली. शहराचा जुना तट पाडून रुंद गोल रस्ता आखला गेला, तेव्हा सम्राट फ्रान्झ योझेफनं १८६३ मध्ये या संस्थेला जागा दिली. इमारतीचा पैसा मात्र देणग्यांतून उभा राहिला. वास्तुशिल्पी होता थिओफिल हान्सेन, डेन्मार्कचा, ग्रीक वास्तुकलेनं झपाटलेला. ६ जानेवारी १८७० ला दालन खुलं झालं. लांबी सुमारे ४९ मीटर, रुंदी १९, उंची जवळपास १८. म्हणजे सरळ एक बुटांचा खोका. त्यात १७४४ खुर्च्या आणि मागे सुमारे ३०० माणसांना उभं राहायची जागा. छतावर अपोलो आणि नऊ कलादेवता, आणि भिंतींच्या कडेनं सोनेरी स्त्रीमूर्तींची रांग. या मूर्ती पूर्वी सज्जाच्या कडेखाली, जरा पुढे उभ्या होत्या. १९११ च्या दुरुस्तीत त्यांना मागे भिंतीकडे सरकवलं.

हे सोनं पाहून आपल्यातले पुष्कळ जण नाक मुरडतात. आम्हीही त्या विचारसरणीत वाढलो, की सजावट म्हणजे नवश्रीमंतांचा दिखावा. खुद्द व्हिएन्नातच आडोल्फ लोस नावाच्या वास्तुशिल्पीनं १९१० च्या सुमारास सजावटीला गुन्ह्याच्या पंगतीला बसवलं होतं. पण इथे गंमत बघा. खोक्याचा आकार अरुंद असल्यामुळे वाद्याचा आवाज समोरून कानावर येतो, आणि पाठोपाठ, क्षणभरातच, दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परतूनही येतो. म्हणून आपण आवाजासमोर बसलेलो नसून आवाजाच्या आत बसलो आहोत असं वाटतं. भिंती सपाट गुळगुळीत असत्या तर हाच परतणारा आवाज आरशासारखा लखलखीत आणि कर्कश झाला असता. त्या मूर्ती, ते सज्जे, ती नक्षी आवाजाला फोडतात, विखुरतात, मऊ करतात. लाकडी जमिनीखाली पोकळी आहे. दालन भरलेलं असताना सूर थांबल्यावर तो विरून जायला सुमारे दोन सेकंद लागतात. हान्सेनजवळ यातलं काही मोजायचं शास्त्र नव्हतं. वॉलेस सॅबिननं हिशेब मांडून बांधायला लावलेलं पहिलं सभागृह १९०० साली बॉस्टनमध्ये उभं राहिलं. तेव्हा मुझिकफेराइनची सजावट कामाची आहे, हे अभिनवगुप्तांना आधीच माहीत असल्यासारखं वाटतं. मंडप नुसता देखणा नाही. तो ऐकतो, असं म्हटलं तरी चालेल.

आता शांततेकडे येऊ.

आपल्याकडे एक वाक्य वारंवार कानावर पडतं. 'तिकडचे लोक कसे शिस्तीत ऐकतात! टाचणी पडली तरी ऐकू येईल. नाहीतर आपल्याकडे बघा.' मग चहाच्या कपांचा आवाज, मध्येच उठणारे लोक, मोबाइल अशी यादी येते. या वाक्यात एक गृहीतक दडलं आहे, की शांतता हा तिथल्या माणसांच्या संस्कृतीचा गुण आहे आणि तो त्यांच्यात पूर्वापार आहे. हे इतिहासाला धरून नाही. १७७८ मध्ये मोत्सार्टनं पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं, त्यात तो आनंदानं सांगतो की त्याच्या सिम्फनीतल्या एका जागेवर, संगीत चालू असतानाच, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती जागा त्यानं मुद्दाम तशी रचली होती. १८१३ मध्ये व्हिएन्नात बेथोव्हनची सातवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा तिचा दुसरा भाग लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. म्हणजे 'वन्स मोअर' काही आपल्या संगीत नाटकांची मक्तेदारी नव्हे!

आणि या सोनेरी दालनात तरी काय? १६ डिसेंबर १८७७ ला इथे ब्रुकनरची तिसरी सिम्फनी पहिल्यांदा वाजली. ठरलेला कंडक्टर हेर्बेक ऑक्टोबरात वारला, म्हणून भिडस्त ब्रुकनर स्वतः उभा राहिला. लोक भागागणिक उठून जात राहिले आणि अखेरीस मूठभर उरले. त्या मूठभरांत सतरा वर्षांचा मालर होता. मग ३१ मार्च १९१३ ची संध्याकाळ घ्या. कंडक्टर शोनबर्ग, कार्यक्रमात त्याची स्वतःची रचना, त्याच्या शिष्यांच्या, वेबर्न आणि बेर्ग यांच्या रचना, आणि शेवटी मालरची गाणी. बेर्गच्या गाण्यांवर सभागृहात आधी हशा, मग आरडाओरडा, मग हाणामारी. मालरपर्यंत कार्यक्रम पोचलाच नाही. प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा साक्षीला आलेल्या ऑस्कर श्ट्राउस या ऑपेरेटा लिहिणाऱ्या संगीतकारानं सांगितलं की त्या संध्याकाळी ऐकलेल्या आवाजांत सर्वांत सुरेल आवाज होता तो थपडेचा. व्हिएन्नात त्या मैफलीला आजही थपडांची मैफल म्हणतात. आणि हाच शोनबर्ग पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, खासगी मैफलींची संस्था काढतो तेव्हा नियम करतो की टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि हुर्योही करायची नाही.

म्हणजे आज दिसणारी शांतता नवी आहे, घडवलेली आहे. काही अंशी ती भांडणांतूनही निघाली आहे. मग ती कशासाठी घडवली? 'बड्या लोकांनी आपलं वेगळेपण दाखवायला', हे उत्तर समाजशास्त्राच्या पुस्तकांत मिळतं. त्यात तथ्य आहे. पण तेवढ्यानं आमचं समाधान होत नाही, कारण हे उत्तर संगीताच्या आत शिरतच नाही. दाराशीच उभं राहून कोण आत गेलं आणि कुठला कोट घालून गेलं, याची नोंद करतं.

आत शिरणारा एक माणूस याच शहरात होता. एदुआर्द हान्सलिक. वृत्तपत्रात परीक्षणं लिहिणारा आणि व्हिएन्ना विद्यापीठात संगीताचं सौंदर्यशास्त्र शिकवणारा. संगीतातल्या सौंदर्यावरचं त्याचं छोटं पुस्तक १८५४ साली निघालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की संगीताचा आशय म्हणजे भावना नव्हेत. सुरांची गतिमान रूपं हाच संगीताचा आशय. सुरांच्या पुरात नुसतं डुंबत राहणाऱ्या श्रोत्याला तो जवळजवळ रोगी ठरवतो. खरा श्रोता रचनेच्या मागोमाग चालतो, पुढे काय येईल याचा अंदाज बांधतो, तो खरा झाला की सुखावतो आणि चुकला तर अधिक सुखावतो. मराठी वाचकांना इथे मर्ढेकर आठवतील. संवाद, विरोध, समतोल ही लयीची तत्त्वं सांगताना मर्ढेकरांनीही भावनेला असंच दाराबाहेर उभं केलं होतं. दोघांचाही हट्ट आम्हाला जरा जास्त वाटतो, पण तो आजचा विषय नाही. असो.

हान्सलिक परीक्षक म्हणून अनेकदा अन्यायानं वागला. चायकोव्हस्कीचं व्हायोलिन कन्चेर्टो ४ डिसेंबर १८८१ ला याच शहरात पहिल्यांदा वाजलं, तेव्हा त्यानं या संगीताला दुर्गंधी येते अशा आशयाचं काहीतरी लिहिलं, आणि ते वाक्य चायकोव्हस्की कधी विसरला नाही. पण ऐकणं म्हणजे रचनेच्या मागे चालणं, हे त्याचं म्हणणं धरून ठेवा. शांततेचं उत्तर आम्हाला तिथे सापडतं.

उदाहरण ब्राम्सच्या तिसऱ्या सिम्फनीचं घेऊ. ती २ डिसेंबर १८८३ ला याच दालनात, हान्स रिश्टरच्या हाताखाली, व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं पहिल्यांदा वाजवली. वाग्नर त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता. त्याचे भक्त सभागृहात होते आणि त्यांनी शीळफुंकी करून पाहिली. तरी सिम्फनी जिंकली. पस्तीसेक मिनिटांची रचना, चार भाग. सुरुवातीला तीन स्वरसंघात येतात. त्यांतला वरचा सूर ऐका. फ ला आपण सा मानला, तर तो आहे सा, कोमल ग, तार सा. सिम्फनी मात्र मेजरमधली, म्हणजे शुद्ध गंधाराची. पहिल्या तीन पावलांतच ब्राम्सनं दोन गंधारांचं भांडण लावून दिलं, आणि पुढची पस्तीस मिनिटं ते भांडण वेगवेगळ्या घरांत चालू राहतं. त्या तीन स्वरांवरून व्हायोलिनचा मुख्य विषय जोरात, आवेशानं, वरून खाली कोसळत येतो.

आता शेवट. चौथा भाग वादळी आहे, मायनरमधला. आपल्याला वाटतं, शेवटी तुताऱ्या वाजणार, ढोल वाजणार आणि विजयोत्सव होणार. बेथोव्हनपासून सिम्फनीनं आपल्याला तशीच सवय लावली आहे. तसं होत नाही. वादळ निवतं, शुद्ध गंधाराचं ऊन पडतं, आणि अगदी शेवटच्या क्षणांत, तंतुवाद्यांच्या थरथरत्या हळू आवाजात, पहिल्या भागातला तो कोसळणारा विषय परत येतो. तेव्हा तो कोसळला होता, आता तो पानासारखा तरंगत खाली येतो आणि संपतो. या सिम्फनीचे चारही भाग हळू आवाजात संपतात. इतक्या थोर सिम्फनीकाराकडून हे धाडसच म्हणायचं, कारण टाळ्या मागायची एकही संधी त्यानं घेतलेली नाही.

या क्षणाचा आनंद कोणाला मिळेल? ज्याला पस्तीस मिनिटांपूर्वीचा तो विषय आठवतो त्याला. मधे कुजबुज केली, निरोप वाचला, की दुवा तुटला. मग शेवटी जे येतं ते नुसतं गोड वाटतं, ओळखीचं वाटत नाही. सिम्फनीच्या शांततेचं कारण आम्हाला असं दिसतं. लांब पल्ल्याच्या रचनेला स्मृती लागते आणि स्मृतीला शांतता लागते. बैठकीचं तसं नसतं. तिथे विषय, म्हणजे बंदिशीचा मुखडा, दर आवर्तनाला परत येतो, स्मृतीला दर समेवर आधार मिळतो. शिवाय गाणारा समोर बसून त्या क्षणी रचत असतो, तुमची 'वा' ऐकून पुढची जागा बदलू शकतो; तिथली दाद रचनेचाच भाग असते. ब्राम्सला आता कोणी काही सुचवू शकत नाही. दोन्ही ठिकाणी श्रोता कामात गुंतलेला आहे, कामं वेगळी आहेत. यात कोण सुसंस्कृत आणि कोण नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. ख्यालाला टाचणी-शांततेत बसवणं आणि ब्राम्सला 'क्या बात है' म्हणणं, दोन्ही सारखंच चुकीच्या किल्लीनं कुलूप उघडणं आहे.

निवृत्तीनंतर एका परिसंवादासाठी आम्ही व्हिएन्नाला गेलो, तेव्हा योगायोगानं हीच सिम्फनी याच दालनात होती. बसायची तिकिटं आमच्या खिशाला परवडणारी नव्हती, उभ्यानं ऐकायचं तिकीट मात्र स्वस्त होतं. कोट खाली ठेवून यायचा असा तिथला दंडक आहे. तो ठेवला आणि मागच्या गर्दीत कठड्याला धरून उभे राहिलो. शेजारी संगीताचे विद्यार्थी, हातात छापील स्वरलिपी. वाद्यवृंद पाहुणा होता, नामवंत होता; नाव घेत नाही, कारण पुढे थोडी तक्रार येणार आहे.

पहिल्या तीन स्वरसंघातांनी सांगितलं की दालनाबद्दल जे वाचलं होतं ते खरं आहे. आवाज पायांतून आला. दुसऱ्या भागातलं क्लॅरिनेट कोणीतरी कानाशी येऊन बोलावं तसं. तिसऱ्या भागात चेलोंची ती प्रसिद्ध, मायनरमधली धून आहे, आणि ती नंतर हॉर्नकडे जाते. कंडक्टरनं तिचा वेग इतका कमी केला, प्रत्येक वळणावर इतका रेंगाळला, की ती धून साखरेच्या पाकात पडली. ब्राम्सनं तिथे मंद चाल मागितलेली नाही, हलकी, डौलदार चाल मागितली आहे. दुःख चालतं राहिलं तर दुःख असतं, थांबून आरशात बघायला लागलं की त्याचं नाटक होतं. श्रोते मात्र त्याच भागावर सर्वांत खूश दिसले. हान्सलिक असता तर दुसऱ्या दिवशी कंडक्टरचं काही खरं नव्हतं.

त्या संध्याकाळचे दोन प्रसंग आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटले. पहिला भाग संपला, तेव्हा सज्जात कोणी तरी टाळ्या वाजवल्या. बहुधा प्रवासी असावेत. लगेच आजूबाजूनं 'शू' झालं, डोक्यांच्या रांगा वळल्या, डोळे वटारले गेले. बिचारे खाली बघत बसले. आणि सगळ्यात शेवटी, तो तरंगणारा विषय खाली उतरला, शेवटचा स्वरसंघात अजून त्या दोन सेकंदांत होता, कंडक्टरचा हात वरच होता, तेवढ्यात पुढच्या भारी खुर्च्यांतून एक दणदणीत 'ब्राव्हो!' आला. त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. तो जाणकार होता ना! रचना संपली हे आपल्याला सर्वांच्या आधी कळलं, हे त्याला कळवायचं होतं.

आमच्या मते त्या प्रवाशांनी काहीही बिघडवलं नव्हतं. ब्राम्सच्या काळी दोन भागांच्या मध्ये टाळ्या पडणं सर्रास होतं, आणि त्या पडल्या नाहीत तर संगीतकारांच्या पोटात गोळा येई. भागांमधली टाळी स्मृती तोडत नाही. त्या 'ब्राव्हो'नं मात्र सिम्फनीचा शेवटचा भागच कापून टाकला, कारण चार वेळा हळू संपणाऱ्या रचनेत तिच्या नंतरची शांतता लिहिलेलीच असते. आणि शिष्टाचाराच्या वहीत अपराधी ठरले ते प्रवासी. शांततेचं कारण विसरून तिचा नुसता रिवाज उरला की असं होतं. कर्मकांडाबद्दल आपण मीमांसकांवर जी टीका करतो तीच इथे करावी लागेल.

इथवर आम्ही मंडपाच्या बाजूनं बोललो. वास्तू अहृदयाला सहृदय करते, हे त्या संध्याकाळी आम्हाला पटलं. आमचा गुडघा साक्षीला आहे, पस्तीस मिनिटं त्याची आठवणच झाली नाही. पण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग उरला. किती वेळ?

१६ जानेवारी १९३८, रविवार. याच दालनात ब्रुनो वाल्टर व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर मालरची नववी सिम्फनी वाजवतो आहे. १९१२ मध्ये, मालर गेल्यानंतर, हीच सिम्फनी जगापुढे प्रथम आणली तीही वाल्टरनंच, याच वाद्यवृंदाबरोबर. पुढे बसलेला मुख्य व्हायोलिनवादक आर्नोल्ड रोझे, मालरचा मेहुणा, १८८१ पासून त्या खुर्चीवर. या मैफलीचं ध्वनिमुद्रण झालं. ते करवणारा होता फ्रेड गाइसबर्ग. हे नाव आपल्याला परकं नाही; १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गौहरजानच्या तबकड्या काढल्या त्या यानंच. मुद्रण आज सहज मिळतं. शेवटच्या भागात संगीत धाग्याधाग्यानं विरत जातं, आणि मधूनमधून श्रोत्यांचं खोकणं ऐकू येतं. हिवाळा होता. ती माणसं तिथे होती, ऐकत होती, आणि संगीत जितकं हळू झालं तितकी ती गप्प होत गेली. कुठल्याही निकषानं हे उत्तम श्रोते.

आठ आठवड्यांनी हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि व्हिएन्नाच्या चौकात त्याच्या स्वागताला अफाट गर्दी लोटली. वाल्टरला परतता आलं नाही. रोझेला ५७ वर्षांच्या नोकरीनंतर काढून टाकलं. तो लंडनला गेला आणि १९४६ मध्ये तिथेच वारला. त्याची मुलगी आल्मा, स्वतः व्हायोलिनवादक, आउशविट्झच्या छावणीत स्त्रियांचा वाद्यवृंद चालवायला लावली गेली आणि १९४४ मध्ये तिथेच मेली. फिलहार्मोनिकमधल्या पाच वादकांचा छळछावण्यांत आणि हद्दपारीत बळी गेला. १९४२ साली वाद्यवृंदातल्या १२३ पैकी ६० जण नाझी पक्षाचे सदस्य होते. हे वाद्यवृंदानंच नेमलेल्या इतिहासकारांनी २०१३ मध्ये मांडलं. मालरचं संगीत बंद झालं. आणि ज्या नववर्षाच्या मैफलीची फुलं आपण टीव्हीवर बघतो, तिची सुरुवात ३१ डिसेंबर १९३९ ची, नाझी राजवटीच्या निधीसाठी.

दालन तेच होतं. दोन सेकंदांचा तो घुमारा तसाच होता, मूर्तींचं सोनं तसंच. १६ जानेवारीच्या श्रोत्यांपैकी कोण मार्चमध्ये चौकात होतं हे कोणी मोजलेलं नाही. काही त्याच सुमारास सामान बांधत असतील. पण ज्या वादकांनी रोझेच्या शेजारी बसून तो विरत जाणारा शेवट वाजवला, ऐकण्याची कला ज्यांच्या बोटांत होती, त्यांतल्या कित्येकांना नंतर त्याची रिकामी खुर्ची बघून वाजवता आलं, एवढं निश्चित.

यावरून दोन टोकाची मतं निघतात. एक म्हणतं, मग हे सगळं ढोंगच. सोनेरी दालन, ब्राम्स, शांतता, सगळं बुर्झ्वा गिलावा. दुसरं म्हणतं, छे, खऱ्या अर्थानं ऐकणारा असं करूच शकत नाही, म्हणजे ते खरं ऐकणं नव्हतंच. दुसरं मत आम्हाला जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते कधी खोटं ठरू शकत नाही. जो वाईट निघाला त्याचं ऐकणं मागाहून रद्द करायचं, की झालं. आणि पहिल्याला आम्ही विचारतो, ब्राम्सचा शेवट आठवणीनं ओळखण्यात ढोंग कुठे आहे? ते काम खरं आहे, त्याला कष्ट पडतात, त्यातून मिळतं तेही खरं.

अभिनवगुप्तांच्या शब्दांकडे परत बघा. सहृदय होण्यासाठी 'मी' आणि 'माझं' बाजूला ठेवायचं आहे. प्रेक्षागृहातलं दुःख कोणा एकाचं उरत नाही, साधारण होतं, सर्वांचं होतं. हीच त्याची ताकद. पण रोझेची खुर्ची साधारण नव्हती. ती एका माणसाची होती, त्याला नाव होतं, आणि तिच्याबद्दल काही करायचं तर विशिष्ट माणसानं विशिष्ट दिवशी पुढे यायला हवं होतं. ज्या वृत्तीनं आपण मालर उत्तम ऐकतो, तीत विशिष्टाला जागा नसते. दालन जे करतं ते पुरतं करतं. हे दुसरं काम त्याला कोणी शिकवलेलं नाही, आणि ते त्याच्याकडून मागणं म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरकडे दात दाखवणं. आमचा आक्षेप दालनावर नाहीच. संगीत माणसाला उदात्त करतं असं उद्घाटनाच्या भाषणांत छातीठोक सांगणाऱ्यांवर आहे. ही भाषणं आम्हीही पुष्कळ ऐकली आहेत, मुंबईत आणि पुण्यातही.

बरं, त्या दालनाचं पुढे काय झालं याची एक गोष्ट सांगून थांबतो, ती मुंबईशी जोडलेली आहे. १९३५ मध्ये मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढणारे मेहली मेहता. त्यांचा मुलगा झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेला. मुझिकफेराइनमध्ये मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमी चालत, पण त्या बंद दाराआड. झुबिन आणि त्याचा इटालियन मित्र क्लाउदिओ आबादो यांनी युक्ती काढली. त्या संस्थेच्या गायकवृंदात दोघे खर्जाचे गायक म्हणून भरती झाले. कंडक्टर गायकवृंदाकडे तोंड करून उभा राहतो, त्यामुळे त्याचे हात, डोळे, ओठ सगळं समोरून दिसतं. ब्रुनो वाल्टर तोवर त्या शहरात पाहुणा म्हणून परत येऊ लागला होता; त्याच्याही तालमी या दोघांनी तिथून पाहिल्या. प्रेक्षकांच्या बाजूनं कंडक्टरची पाठच दिसते, हे पोरांनी बरोबर ओळखलं होतं. पुढे १९९० मध्ये नववर्षाच्या मैफलीला झुबिन मेहता त्याच दालनात छडी घेऊन उभे राहिले.

पुढच्या वेळी चौथं विघ्न घेऊ, प्रतीतीच्या उपायांतलं वैकल्य. त्याआधी ब्राम्सची तिसरी सिम्फनी एकदा ऐकून या. मुद्रण कुठलंही चालेल, एका बैठकीत ऐका, आणि सुरुवातीचा सा, कोमल ग, तार सा तेवढा ध्यानात ठेवा. आता प्रश्न असतील तर घेतो.